गँगवेतलं कलम

कंपनीने बिरदेवरावांना निरोप दिला तेव्हा हार घातला, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सगळ्या खात्याचा एक फोटो काढला. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि एकटे बिरदेवराव मान खाली घालून बसलेत. ज्यांनी ज्यांनी तो फोटो पाहिला त्यांना वाटलं, माणूस गहिवरला. तसं काही नव्हतं. फोटोसाठी मांडलेल्या खुर्च्या जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत सरकल्या होत्या आणि मोठ्या साहेबांचा बूट नेमका पट्ट्यावर पडला होता. बिरदेवराव त्या बुटाकडे बघत होते. निरोपाच्या दिवशी साहेबांना 'पाय घ्या' कसं म्हणायचं, या विचारात त्यांचा सत्कार उरकला.

वालचंदनगरला त्यांचं काम मार्किंगचं. क्रेनने पोलादाचा पत्रा आणून टाकला की त्यावर खडूचा दोरा मारायचा, रेघा ओढायच्या, कुठं कापायचं, कुठं भोक पाडायचं ते आखून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. कापणारे वेगळे, जोडणारे वेगळे, उचलणारे खलाशी वेगळे. ज्याचं काम त्याने करायचं. पत्रे कुठं ठेवायचे, भंगार कुठं टाकायचं, हेही जमिनीवर पिवळ्या रंगाने आखलेलं असे, आणि त्या चौकोनांच्या मधून जायला यायला जी वाट सोडलेली असे तिला म्हणायचं गँगवे. गँगवेत काही ठेवायचं नाही. डबा नाही, हातोडा नाही, क्षणभर टेकलेला माणूससुद्धा नाही. बिरदेवराव स्वभावाने गरीब, पण गँगवेत कुणाची सायकल दिसली की त्यांचा आवाज असा चढे की क्रेनवरचा ड्रायव्हर खाली डोकावून बघे.

आता हा माणूस जन्माने कुणाचा, तर इंदापूरकडच्या कोरड्या माळावरच्या मेंढपाळाचा. बाप आज या रानात तर उद्या त्या. लहानपणी बिरदेवला 'तुझं घर कुठं?' असं विचारलं तर तो घोड्याकडे बोट दाखवायचा, कारण घर घोड्याच्या पाठीवर लादलेलं असायचं. जमिनीवर कायमची रेघ असू शकते, हे त्याने पहिल्यांदा कंपनीच्या दारात पाहिलं आणि त्याला ते इतकं आवडलं की पुढची सगळी नोकरी त्याने त्या रेघेच्या प्रेमात काढली. मेंढरं धाकट्या भावाने, मल्हारने, सांभाळली.

निवृत्त झाल्यावर बिरदेवरावांनी काटेवाडीच्या शिवेला, पाटाच्या चारीजवळ जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. जागा ऐसपैस, घर छोटं. त्यामुळं घरामागं जे परस उरलं ते घराच्या तिप्पट. त्यांच्या बायकोने, तानूबाईने, वास्तूच्या दिवशी मागच्या दारात उभं राहून त्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "आता झाड लावायचं." दुसऱ्याच आठवड्यात ती बारामतीच्या बाजाराला गेली आणि रोपवाटिकेतून केशर आंब्याचं एक कलम घेऊन आली. काळ्या पिशवीतलं, कमरेएवढं, वर चार तांबूस पानं. एस.टी.त ते तिने मांडीवर धरलं होतं. कंडक्टरने विचारलं, "मावशी, याचं तिकीट?" तर म्हणाली, "त्ये लहान हाय."

"कुठं लावू?" तिने नवऱ्याला विचारलं.

इथं चूक झाली. तिने विचारायला नको होतं. खुरपं घेऊन सरळ खड्डा काढायला हवा होता. पण बाई साधी, रीतीने वागणारी. तिने विचारलं आणि बिरदेवरावांच्या डोक्यात भोंगा वाजला.

नाहीतरी ते घरी बसून कासावीस झाले होते. पहाटे भोंग्याच्या वेळेला जाग यायची आणि भोंगा व्हायचा नाही. मग ते उठून घरभर फिरत. फिरायला घर केवढं, तर दोन खोल्या. चार पावलं गेलं की भिंत. चहा उभ्याने प्यायचे, पेपर चालत वाचायचे आणि जेवताना दोनदा उठून दाराची कडी बघून यायचे. 'कुठं लावू?' हा एवढासा प्रश्न कानावर पडला आणि माणसाला हातात खडू आल्यासारखं झालं.

"थांब," ते म्हणाले, "आदी आखाय पायजे."

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर परसाचा नकाशा निघाला. मग फक्कीची पिशवी आली, सुतळी आली, खुंट्या आल्या, आणि परसात पांढऱ्याशुभ्र रेघांचे चौकोन उमटले. बिरदेवराव त्यांना खाती म्हणत. हे भाजी खातं, हे फुलांचं खातं. धुणं-भांडी खातं. सरपण आणि गोवऱ्यांचं खातं. कोंबड्यांचं खातं. त्यांच्या लुनासाठी वाहन खातं. कुंपणाबाहेरच्या शेवग्याच्या सावलीला बसायचं खातं, तिथं एक खाट. आणि सगळ्यांच्या मधून, मागच्या दारापासून फाटकापर्यंत, हात पसरून चालता येईल असा सरळसोट गँगवे.

पहिल्या दिवशी शेजारच्या जयवंताबाई कुंपणावरून बघत होत्या. ऊसवाल्यांच्या घरातल्या, अंगाने भरल्या, हसायला कारण न लागणाऱ्या. त्यांच्या परसात म्हैस, चुलवण, तुळस, दोऱ्या, नातवंडांची लंगडी आणि नादुरुस्त पंप अशी सगळी मंडळी गळ्यात गळे घालून राहत होती.

"आबा," त्यांनी विचारलं, "कबड्डीचं मैदान व्हय?"

"न्हाय. खाती पाडलीत."

"आन् कोंबड्यांना सांगितलं का त्यांचं खातं कुठलं?"

कोंबड्यांना सांगितलेलं नव्हतं. त्या दुपारी भाजी खात्यात हजर झाल्या. बिरदेवरावांनी त्यांना काठीने हाकून स्वखात्यात नेलं. त्या पुन्हा आल्या. संध्याकाळपर्यंत माणूस आणि कोंबड्या यांच्यात असं जाणं-येणं झालं की रेघा बघायला लावणारे ते स्वतःच रेघा तुडवत होते. पण त्यांना बरं वाटत होतं. पायाला काम मिळालं होतं.

तानूबाईने मात्र रेघा मानल्या. मिरच्या वाहन खात्यात वाळत घालू नयेत म्हटल्यावर तिने उचलल्या. खाट धुणं खात्याकडं तोंड करून ठेवू नये म्हटल्यावर तिने फिरवली. फक्त कलम घेऊन ती उभी राहिली.

"ह्ये कुठल्या खात्यात?"

"त्येच बघतोय. झाडाला जागा लागती. मुळ्या लागत्यात, सावली पडती. घाई करून चालत न्हाय."

"मग तवर?"

"तवर ठेव की कुठंबी."

तिने ते धुण्याच्या दगडाशेजारी ठेवलं. तिथं धुणं खळबळलेलं पाणी आपसूक मिळे.

आणि मग खाती हलायला लागली. पहिल्यांदा गोवऱ्यांचं खातं हललं, कारण वारा पश्चिमेचा आणि वास बसायच्या खात्यात येतो. गोवऱ्या हलल्या म्हणून कोंबड्या हलल्या. कोंबड्या फुलांच्या शेजारी आल्या म्हणून फुलं हलली. फुलांना ऊन कमी पडतं म्हणून भाजी हलली. दर हललेल्या खात्यामागं इतकं बिनतोड कारण असे की ऐकणाऱ्याने मान डोलवावी आणि घरी जाऊन डोकं धरावं. वांग्याच्या रोपांनी एका हंगामात तीन गावं पाहिली आणि फळ धरायचा विचार सोडून दिला. लुनाला रोज नवी जागा. एकदा तर बिरदेवराव बारामतीहून परतले आणि सवयीने लुना लावायला गेले ते थेट मेथीत. सकाळी स्वतःच खातं बदलून गेले होते.

दर वेळी तानूबाई एकच विचारी, "आता कलम लावू?"

"आता न्हाय. आजून फायनल न्हाय."

या बाईची सहनशक्ती मोठी होती हे कबूल, पण तिचं दुखणं कुणी विचारलं नव्हतं. पिशवीतलं रोप पिशवीत राहून वाढत नाही, झुरतं. एक दिवाळी आली, गेली. कलमाची नवी पालवी फुटेना, होती ती पानं टोकाला करपायला लागली. तानूबाई रोज पाणी घाली आणि बोटाने माती दाबून बघे. ती दगडासारखी लागे.

याच सुमाराला बिरदेवरावांनी धुण्याचा दगड हलवला. खातंच्या खातं उत्तरेला गेलं आणि जुन्या जागेवरून नवा गँगवे आखला गेला. फक्की मारत मारत ते मधोमध आले आणि थांबले. समोर कलम.

"तानू! ह्ये उचल हितनं. गँगवे हाय ह्यो!"

"उचलते," आतून आवाज आला.

आता तुम्ही म्हणाल, त्यांनी स्वतः का नाही उचललं? हातभर अंतरावर होतं. पण तसं नसतं. मार्किंगवाल्याने माल उचलायचा नसतो. उचलायचं काम खलाशाचं. मार्किंगवाला आखतो आणि ओरडतो, आणि सगळी नोकरी असं केलेला माणूस परसात येऊन एकदम वाकेल कसा? ते रेघ मारत कलमाला वळसा घालून पुढं गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडले. तानूबाई पुन्हा म्हणाली, "उचलते." असा हा रोजचा परिपाठच झाला. सकाळी चहा, मग "उचल त्ये", मग "उचलते", मग पेपर. पुढं पुढं तर तानूबाई भाकरी थापता थापता, त्यांनी तोंड उघडायच्या आधीच "उचलते" म्हणून मोकळी व्हायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला मल्हार आला. ऊस तुटून गेलेल्या रानांत मेंढरं बसवत बसवत तो भावाच्या दारात पोचला. दाढी वाढलेली, पटका विटलेला, चेहऱ्यावर कसलीही काळजी नाही. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यांचं खत पडतं, म्हणून बागायतदार त्याला बोलावून घेत. भाजी-फुलं काढून खाती मोकळी झाली होती आणि बिरदेवरावांनाही परसाला खत हवंच होतं.

"आजची रात मेंढरं हितं बसव," ते म्हणाले. "पर नीट ऐक. भाजी खात्यात बसवायची, फुलांच्या खात्यात बसवायची. वाहन खात्यात न्हाय. गँगवेत तर पाय सुदिक न्हाय."

मल्हारने परसावरून नजर फिरवली. "दादा, मेंढराला रेघ कळती व्हय?"

"तुला कळती न्हवं?"

"मला कळती. पर मी लेंड्या टाकीत न्हाय."

जयवंताबाई कुंपणापलीकडं खाली बसल्या. त्यांना हसून उभं राहवेना.

मल्हारने घोड्यावरून वाघर काढली. मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी ती. तिच्या काठ्या त्याने भराभरा ठोकायला सुरुवात केली. काठी कुठल्या खात्यात पडतेय याकडं त्याचं लक्ष नव्हतं. मेंढरं आत घ्यायची तर हिरवं काही राहायला नको, म्हणून तो कलम उचलायला वाकला.

"भावजी! राहू द्या!" तानूबाई घरातून अशी धावली की पदर सावरायचं भान राहिलं नाही. "तुमी नका हात लावू. मी झाकते त्येला."

तिने कोंबड्यांचं डालं आणलं, कलमावर पालथं घातलं, वर पाटा ठेवला. मल्हारने एकदा वहिनीकडं बघितलं, एकदा डाल्याकडं, आणि पुढची काठी ठोकली.

सकाळी मल्हारचा कळप चारीच्या बाजूने निघून गेला आणि बिरदेवराव मागच्या दारात येऊन उभे राहिले. एकही रेघ उरली नव्हती. जिकडं तिकडं खुरांचे ठसे आणि लेंड्या, सगळं परस एकरंगी, एकच एक. भाजी कुठं संपते आणि लुना कुठं सुरू होते, काही कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, वा, काय झकास खत पडलं. बिरदेवराव दारातून परसात उतरले, चार पावलं गेले, थांबले. कुठल्या बाजूने चालायचं ते त्यांना सुचेना. ते परत दारात आले. पुन्हा उतरले. आख्खी सकाळ त्यांनी अशी काढली.

"बसा की जरा," तानूबाई म्हणाली.

"कुठं? बसायचं खातंच पुसलं!"

त्या दिवशी ते जेवले नाहीत धड. कॅलेंडरच्या पाठीवर नवा नकाशा काढला, खोडला, दुसरा काढला. आणि या वेळच्या नकाशात त्यांनी कायमचं ठरवून टाकायचं मनावर घेतलं. सगळी हलवाहलव कशामुळं होते? एक गोष्ट अजून ठरायची आहे, म्हणून. ती कुठली? कलम. आंबा कुठंही लावला तरी पंधरा-वीस वर्षांनी तो चार खात्यांवर सावली धरणार, पानं गँगवेत पडणार, मुळ्या भिंतीखाली जाणार. म्हणजे घोटाळ्याचं मूळ ते. ते काढलं की परस कायमचं ठरलं. इतकं सोपं उत्तर आधी कसं दिसलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी नवी फक्की मारली, गँगवे जुन्याच जागी पण काटेकोर सरळ मारला, आणि कुंपणाशी जाऊन हाक घातली.

"जयवंताबाई, तुमच्या बांधावर आंब्याला जागा हाय का?"

"हाय की. कितीबी."

"मग आमचं कलम न्या. आमच्यात बसत न्हाय त्ये."

तानूबाई सूप घेऊन दारात बसली होती. सुपातले तांदूळ वर गेले ते खाली येताना चार दाणे बाहेर पडले. तिने ते वेचले नाहीत.

"इचारलं न्हाय मला," ती म्हणाली.

"अगं, इचारायचं काय त्येच्यात? जागाच न्हाय. तू नकाशा बघ. कुठं बसवू? तूच सांग."

"मी कशाला सांगू? तुमचं परस, तुमच्या रेघा."

जयवंताबाई पाटी घेऊन फाटकातून आत आल्या. गँगवेतून न येता शॉर्टकटने भाजी खात्यातून आल्या, पण आज बिरदेवरावांनी तेही सोडून दिलं. कलमापाशी तिघं उभे राहिले.

"उचला की," जयवंताबाई तानूबाईला म्हणाल्या.

तानूबाईने हात पदरात गुंडाळले. "मी न्हाय उचलनार."

"रोज 'उचलते' म्हनतीस की!" बिरदेवराव म्हणाले.

"म्हनते. उचललं का कवा?"

शेवटी बिरदेवराव स्वतः वाकले. पिशवीला दोन्ही हात घातले आणि उचललं. कलम आलं नाही. त्यांनी पाय रोवले, पुन्हा जोर केला. पिशवी कुरकुरली, वरचा शेंडा थरथरला, पण खालून कुणी धरून ठेवल्यासारखं ते जागचं हललं नाही.

"आबा, कंबर सांभाळा," जयवंताबाई म्हणाल्या. "आंब्याआदी तुमीच मोडाल."

"चिखलात रुतलंय," असं म्हणत त्यांनी खुरपं घेतलं आणि पिशवीच्या कडेची माती उकरली. एक बोट उकरली, दोन बोटं उकरली. मग ते उकरायचे थांबले आणि गुडघ्यावर बसले. पिशवीला बूडच नव्हतं. माती सरळ मातीत गेली होती आणि तिच्यातून मनगटाएवढं नाही पण चांगलं बोटाएवढं जाड, तपकिरी, जिवंत मूळ खाली निघून गेलं होतं. आजूबाजूला पांढऱ्या नव्या मुळ्यांचं जाळं.

त्यांनी पिशवीची कड चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेली. प्लास्टिक फाटलेलं नव्हतं. कापलेलं होतं. चारी बाजूंनी, एका रेषेत. जन्मभर ज्याने कापायच्या रेघा आखल्या त्याला फाटलेलं आणि कापलेलं यातला फरक कुणी सांगायला नको.

"ह्ये कापलंय कुनी?"

"उंदरानं," तानूबाई म्हणाली.

"उंदीर आसा सरळ रेघंत कापतोय?"

"तुमच्या घरातला उंदीर हाय. शिकला आसंल."

जयवंताबाईंच्या हातातली पाटी पडली. त्या तोंडात पदर कोंबून भाजी खात्यात चक्क बसल्या.

बिरदेवरावांना हसू आलं नाही. त्यांनी खुरपं टाकलं आणि सरपणाकडून टिकाव आणला. "आजून लहान हाय त्ये," ते म्हणाले. "खोल खांदून काढलं म्हंजी..."

"मुख्य मूळ तुटंल आबा," जयवंताबाईंचं हसणं एकदम थांबलं. "कलम न्हाय जगायचं मग. आमच्या ह्यांनी आसंच एक घालिवलं."

टिकाव हातात घेऊन बिरदेवराव कलमाभोवती फिरायला लागले. एक फेरी घातली, दुसरी घातली. इकडून बघितलं तर ते बरोबर गँगवेच्या मधोमध. तिकडून बघितलं तरी मधोमध. अर्धा हात डावीकडं असतं तर फुलांच्या खात्यात धरता आलं असतं. अर्धा हात उजवीकडं असतं तरी काही म्हणता आलं असतं.

"गँगवेत!" ते म्हणाले. "आगं, सगळी जागा सोडून गँगवेत?"

"मी लावलं तवा गँगवे न्हवता," तानूबाई म्हणाली. "तवा तितं धुन्याचा दगड होता. दिवाळीत ह्ये मरायला टेकलं, तवा मी इळी घिऊन बूड कापलं आन् जरासा खड्डा करून बसवलं. दुसऱ्या दिशी तुमी दगड हलवला. मी काय करू? रोज तुमी म्हनायचा उचल, आन् रोज माजा जीव असा व्हायचा, की आज ह्यांनी हात घातला तर?"

"सांगायचं न्हाय?"

"सांगितलं आसतं तर तुमी दुसऱ्या खात्यात हलवलं आसतं."

हे खरं होतं. बिरदेवराव टिकावाच्या दांड्यावर रेलले. तानूबाई बोलणारी बाई नव्हे, पण आता तिचं थांबेना.

"माजा बाबी मेंढरामागंच. जाता येता लोकांच्या बांधावर आंबं दिसायचं. मोहर दिसायचा आन् आमी फुडं जायचो. फळ दुसऱ्यानंच खाल्लेलं आसायचं. मग कंपनीच्या क्वार्टरमदी आलो. तितं तीन जागा बदलल्या. एका दारात जास्वंद लावली, ती फुलायच्या आदी सामान टेंपोत. मला आंबं खायची हौस न्हाय ओ. एका झाडाचा दोनदा मोहर बगायचाय मला, एवढंच. हितंच बसून. एकच झाड, दोनदा."

चारीला पाणी सुटलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. बिरदेवरावांनी टिकाव उजव्या हातातून डाव्यात घेतला, डाव्यातून उजव्यात घेतला. फाटकापर्यंत गेले, परत आले. मग सरपण खात्याकडं गेले आणि टिकाव भिंतीला टेकवला. तो नीट टेकला नाही, घसरून पडला, तर त्यांनी तो तसाच राहू दिला.

त्यांनी कलमाजवळ येऊन खिशातलं ब्लेड काढलं आणि उरलेली पिशवी उभी कापून काढून टाकली. उघडा पडलेला मातीचा गोळा कोवळा दिसत होता, भोवती भर घालावी लागणार होती. आता उचलायचं काम आलं होतं आणि खलाशी कुणी नव्हता. त्यांनी घमेलं घेतलं. मेंढरांनी टाकलेलं खत आणि चारीकाठची माती वाहून आणून गोळ्याभोवती ओतायला सुरुवात केली. घमेल्यामागून घमेलं. मग दगड आणले, मातीचा ढीग ढासळू नये म्हणून भोवती रचले. दगड रचताना मात्र त्यांनी सुतळी धरली आणि गोल असा नेमका आणला की जयवंताबाईंना कौतुक वाटलं आणि त्यांनी ते बोलून दाखवण्याची चूक केली.

"झकास पार झाला की आबा!"

"पार कसला," बिरदेवराव घाम पुसत म्हणाले. "अडथळा हाय ह्यो. गँगवेतला अडथळा." आणि ते फक्कीची पिशवी घेऊन आले, घराच्या दारापासून सरळ रेघ मारत निघाले. दगडांजवळ आल्यावर हात थांबला. बराच वेळ थांबला. मग पिशवी थोडी डावीकडं झुकली आणि पांढरी रेघ दगडांच्या बाजूने वळसा घेऊन पलीकडं पुन्हा सरळ झाली. रेघ मारून झाल्यावर त्यांनी तिच्याकडं एकदाही वळून बघितलं नाही.

परस कायमचं ठरलं, असं मात्र मानायचं कारण नाही. बिरदेवरावांची अस्वस्थता कुठं जाणार? ती आता कलमाकडं वळली. सकाळी उठले की पानं मोजायला परसात. शेंडा उन्हाने करपेल म्हणून पोतं बांध, मग वारा लागत नाही म्हणून पोतं सोड. लुना काढताना वळसा घ्यावा लागे तेव्हा ते कलमाला रोज शिव्या देत आणि पलीकडं गेल्यावर मागं वळून चाक लागलं नाही ना ते बघत. काटेवाडीत ज्याच्या बांधावर आंबा आहे अशा एकाही माणसाला त्यांनी रस्त्याने सुखाने जाऊ दिलं नाही. पालवी कधी फुटते, मूळ किती खोल जातं, पाणी बुंध्याला द्यायचं की आळ्याला? एका भल्या माणसाने तर लांबून लुना बघितली की वाट बदलायला सुरुवात केली.

पावसाळा संपता संपता कलमाला तांबड्या पालवीचा झुपका फुटला. त्या दिवशी बिरदेवरावांना परसात काही करायलाच उरलं नाही. पालवी आली होती. खाती जागच्या जागी होती, कारण गँगवे एकदा झाडाला बांधला गेल्यावर कुणालाच हलता येत नव्हतं. ते दारात गेले, फाटकात गेले, कुंपणाशी गेले. तिथं त्यांची नजर पलीकडं गेली. म्हैस तुळशीपाशी बांधलेली. चुलवणावर धुणं. पंपावर कोंबडं. नातवंडं या सगळ्यातून पळताहेत.

थोड्याच वेळात कुंपणापलीकडून जयवंताबाईंची हाक आली, आणि या खेपेला तिच्यात हसणं नव्हतं.

"तानूबाई! आवो तानूबाई! हिकडं या आदी! आबा सुतळी घिऊन आलेत आन् आमची म्हस सोडा म्हनत्यात! तुमच्या मालकाला घिऊन जावा!"

तानूबाई पाराच्या दगडावर, भर गँगवेत, पाय पसरून बसली होती. तिने मान वर करून नव्या पालवीकडं बघितलं.

"येते," ती म्हणाली. "आत्ता न्हाय. आत्ता बसलीया मी."